बाळाला घेऊन कोकणात पहिल्यांदा जाताना

आमची मुलगी आठ महिन्यांची असताना आम्ही ठाण्याहून पहिल्यांदा कोकणात गेलो आणि चार दिवसांत दापोली, गुहागर व गणपतीपुळे अशी तीन ठिकाणे पाहण्याचा बेत आखला. रोज सामान बांधणे, रोज नवी खोली आणि रोज दोन-तीन तासांचा वळणावळणाचा रस्ता हे सारे आम्हाला जमले, पण तिला जमले नाही. दुसऱ्या रात्री ती साडेअकरापर्यंत रडत होती आणि तिसऱ्या दिवशी तिने दूध सोडून काहीही घेतले नाही. गणपतीपुळ्याचे आरक्षण रद्द करून उरलेले दोन दिवस आम्ही गुहागरातच काढले आणि खरी सुट्टी तेव्हाच सुरू झाली. त्यानंतर आम्ही दोनदा तान्ह्या बाळांसह किनाऱ्यावर गेलो. पुढे जे सांगणार आहे त्याचा पाया एकच आहे: मुक्काम एकच असावा, आणि दिवस बाळाच्या झोपेभोवती व खाण्याभोवती आखावा.

केव्हा जावे

बाळ तीन महिन्यांच्या आत असेल तर ही सहल पुढे ढकलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या वयात ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला तर बाळाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते, आणि किनाऱ्यावरच्या लहान गावातून बालरोगतज्ज्ञापर्यंत पोहोचायला अनेकदा तासाभराचा रस्ता पडतो. पाच ते आठ महिन्यांचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. मान धरलेली असते, बाळ आधाराने बसते, पण अजून धावत सुटलेले नसते. सहा महिन्यांपर्यंत केवळ अंगावरचे दूध चालू असेल, तर बाळाला वरचे पाणीही द्यायचे नसते, त्यामुळे खाण्यापिण्याची सारी तयारी आईपुरतीच राहते. रांगते बाळ सर्वांत अवघड, कारण त्याला वाळू, शेण, चुलीजवळची राख असे सगळेच तोंडात घालून पाहायचे असते.

ऋतू निवडताना दिवाळीनंतरचे दिवस ते फेब्रुवारी हा काळ घ्यावा. मे महिन्यात आंबे असतात हे खरे, परंतु दमट उकाड्याने बाळाचे अंग घामोळ्यांनी भरते. शिवाय एवढा पाऊस पडूनही जांभ्या दगडातून पाणी झिरपून निघून जात असल्याने अनेक गावांतील विहिरी त्याच वेळी तळाला गेलेल्या असतात. जूनपासून समुद्र खवळतो, होड्या बंद होतात, घाटात दरडींची भीती असते आणि कपडे वाळत नाहीत. लंगोटांचा विचार केला तर शेवटचे कारणच पुरेसे आहे. नाताळ ते एक जानेवारी, शिमगा आणि गणपती या दिवसांत गर्दीमुळे रस्ते आणि खोल्या दोन्ही भरून जातात, म्हणून पहिल्या सहलीसाठी डिसेंबरच्या पूर्वार्धातील किंवा जानेवारी-फेब्रुवारीतील मधले वार उत्तम.

तारीख पक्की करण्यापूर्वी लसीकरणाचे कार्ड समोर ठेवावे. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार सहा, दहा व चौदा आठवड्यांना आणि पुढे नऊ महिन्यांना लसी असतात. पहिल्या तीन वेळच्या लसींनंतर ताप आला तर तो साधारण एक-दोन दिवसांत येऊन जातो. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीनंतर मात्र तो सुमारे सात ते बारा दिवसांनी येऊ शकतो, हे पुष्कळ पालकांच्या लक्षात राहत नाही. नेमके तेच दिवस प्रवासाचे नसावेत.

डॉक्टरांची भेट

निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि बाळाचे वजन करून तापाच्या औषधाची मात्रा मिलिलिटरमध्ये कागदावर लिहून घ्यावी. तापाचे थेंब आणि पातळ औषध यांची तीव्रता वेगळी असते, त्यामुळे घरातील बाटलीच सोबत नेऊन तिच्यासाठीची मात्रा विचारणे सुरक्षित. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी (ओआरएस) कशी द्यायची आणि झिंक किती दिवस द्यायचे, हेही तेथेच विचारावे. कार्डाचे व त्या कागदाचे छायाचित्र दोघांच्याही फोनमध्ये ठेवावे.

मुक्काम कसा निवडावा

सर्वांत जास्त वेळ या पायरीवर घालवावा, कारण येथे साधले तर पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. संकेतस्थळावरील छायाचित्रांत समुद्र दिसतो, बाथरूमचा निसरडा उंबरा दिसत नाही. म्हणून यजमानांना फोन करून शांतपणे बोलावे आणि सोबत बाळ आहे, त्याचे वय किती, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. गुहागरच्या घरी मी फोन केला तेव्हा घरातल्या काकूंनी दराचे बोलणे बाजूला ठेवून आधी विचारले, "बाळ वरचं खातं का? पेज देता का तिला?" त्या एका प्रश्नावरून घर योग्य आहे हे मला कळले.

खोली तळमजल्यावरची आणि स्वच्छतागृह खोलीला जोडलेले असावे. सकाळी गरम पाणी बंबाचे मिळते की गीझरचे, आणि वीज गेल्यावर काय व्यवस्था आहे, हे विचारावे; किनाऱ्यावर वारा-वादळ नसतानाही वीज जाते, आणि इन्व्हर्टरवर पंखा चालतो पण गीझर चालत नाही. खिडक्यांना जाळी आहे का? पिण्याचे पाणी विहिरीचे, नळाचे की बाटलीचे? बाळासाठी दिवसातून दोनदा पाच मिनिटे स्वयंपाकघर वापरू देतील का? अंगणात विहीर असल्यास तिला कठडा आहे का आणि कुत्रा मोकळा असतो का, हे रांगत्या बाळाच्या पालकांनी न संकोचता विचारावे. गाडी दारापर्यंत जाते की पाखाडी उतरून जावे लागते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण कोकणातील अनेक सुंदर घरे पन्नास-साठ पायऱ्यांच्या तळाशी असतात आणि त्या पायऱ्या एका हातात बाळ व दुसऱ्या हातात पिशवी घेऊन रात्री उतरायच्या असतात.

त्यानंतर नकाशावर रुग्णालय शोधावे. गुहागर परिसरात राहणार असाल तर चिपळूणजवळ कामथे येथे उपजिल्हा रुग्णालय आणि सावर्ड्याजवळ डेरवण येथे वालावलकर रुग्णालय आहे. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे. मालवण-तारकर्लीकडे जाणाऱ्यांनी ओरोसचे जिल्हा रुग्णालय लक्षात ठेवावे. जवळच्या गावातील बालरोगतज्ज्ञाचे नाव व वेळ यजमानांकडून आधीच घेऊन ठेवावी. मुक्काम आणि बालरोगतज्ज्ञ यांत तासाभराहून अधिक अंतर असेल, तर ते ठिकाण बाळ मोठे झाल्यावरच्या सहलीसाठी राखून ठेवावे.

रेल्वे की गाडी

मुंबई-ठाण्याहून जाणाऱ्यांसाठी माझा कौल रेल्वेला आहे. डब्यात बाळाला पाय पसरून झोपवता येते, दूध पाजण्यासाठी थांबावे लागत नाही आणि रडू लागल्यास उचलून दोन फेऱ्या मारता येतात. जनशताब्दी वेगाने पोहोचवते, पण तिच्यात केवळ बसण्याची आसने असतात. मांडवी एक्सप्रेस दिवसाची गाडी असून तिला झोपण्याचे डबे आहेत, म्हणून बाळासह मांडवी बरी. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. तरीही शक्य असल्यास एक जागा जास्तीची घ्यावी आणि आरक्षण करताना खालचा बर्थ मागावा. सध्या आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि कोकणच्या गाड्या लवकर भरतात, त्यामुळे तो दिवस दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावा. बोगद्यांची तयारीही असू द्यावी. रत्नागिरीपर्यंत किंवा त्यापुढे जाणार असाल तर वाटेत साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागतो आणि एकाएकी झालेल्या काळोखाने व आवाजाने काही बाळे दचकतात. त्या वेळी बाळ मांडीवर असावे.

चिपळूणला उतरल्यावर गुहागरपर्यंत सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता आहे. यजमानांकडून ओळखीची गाडी सांगून ठेवावी आणि मागच्या आसनाचे पट्टे चालू स्थितीत आहेत ना, हे आदल्या दिवशी विचारावे, कारण पट्टे चालू नसतील तर बाळाचे कार-आसन बसवताच येत नाही.

स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर बाळाचे कार-आसन मागच्या बाजूस, बाळाचे तोंड मागे राहील असे, घट्ट बसवावे. पुढच्या आसनासमोर एअरबॅग असते, तेथे ते कधीही ठेवू नये. आईच्या मांडीवरचे बाळ सुरक्षित असते हा समज मनातून काढून टाकावा. गाडी जोराने थांबली तर कोणत्याही आईचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत. अशा आसनात बाळाला सलग दोन तासांहून अधिक वेळ ठेवू नये, म्हणून दर दीड-दोन तासांनी थांबून, बाहेर काढून, आडवे करून, दूध पाजून मगच पुढे निघावे. एसटीच्या स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष असतात, तेथे निवांत बसता येते. पहाटे पाचच्या सुमारास निघाल्यास बाळाच्या झोपेत पहिले दोन तास पार पडतात. घाटाच्या वळणांची भीती बाळासाठी फारशी बाळगू नये, कारण दोन वर्षांखालील मुलांना गाडी लागणे क्वचितच घडते. बहुधा आईलाच लागते, आणि तिने निघण्यापूर्वी काहीतरी कोरडे खाऊन घ्यावे.

सामान

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगते: सुती झबली रोजची चार, दोन टोपडी, पहाटेच्या गारव्यासाठी एक स्वेटर आणि दुपटी मोजू नयेत, मावतील तेवढी घ्यावीत. किनाऱ्यावरच्या गावात डायपर मिळतात, पण हवा तो आकार व हवा तो प्रकार मिळेलच असे नाही. लागतील त्याहून दहा जास्त न्यावेत. वापरलेले डायपर वाडीत किंवा समुद्राकडे टाकू नयेत, वेगळ्या पिशवीत बांधून यजमानांना विचारून कचऱ्यात द्यावेत.

ज्या वस्तू विसरल्या तर खरोखर अडते, त्या निराळ्या आहेत. बाळासाठीची घडीची मच्छरदाणी, डिजिटल तापमापक, थर्मास, झाकणाचे छोटे स्टीलचे पातेले, दोन वाट्या-चमचे, विजेरी, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि बाळ रोज झोपते ती न धुतलेली चादर. शेवटची वस्तू अनेकांना अनावश्यक वाटते. परंतु नव्या खोलीत, नव्या पंख्याच्या आवाजात बाळाला ओळखीचा असा एकच वास असतो आणि तो त्या चादरीला असतो. ढकलगाडी घरीच ठेवावी. वाळूत आणि जांभ्याच्या खडबडीत वाटेवर ती चालत नाही. त्याऐवजी मान व मांड्यांना नीट आधार देणारी, छातीशी बांधायची झोळी-पिशवी न्यावी.

पाणी आणि पेज

बाळाच्या पाण्याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. विहिरीचे पाणी कितीही गोड आणि नितळ असले तरी ते खळखळून उकळावे आणि झाकून थंड करावे. वरचे दूध पावडरीचे असेल तर पाणी उकळून, ते ७० अंशांखाली जाण्यापूर्वीच पावडर मिसळावी, मग कोमट करून पाजावे आणि तयार दूध दोन तासांहून अधिक ठेवू नये. बाटली व बुचे धुऊन रोज उकळावीत. त्याऐवजी वाटी-चमचा वापरल्यास स्वच्छता अधिक सोपी जाते.

सहा महिन्यांवरील बाळासाठी कोकणासारखी दुसरी जागा नाही, असे मी अनुभवाने म्हणते. उकड्या तांदळाची पेज येथे अनेक घरांत सकाळी होतेच. त्यातील मऊ शिते चमच्याने घोटून, वर थोडे तूप घालून दिली की बाळाचा नाश्ता झाला. दुपारी गुरगुट्या भात आणि मुगाचे वरण, सायंकाळी नाचणीच्या सत्त्वाची लापशी किंवा कुस्करलेले पिकलेले केळे. यजमानांना इतकेच सांगावे की बाळाचा वाटा मीठ, साखर, तिखट आणि मसाला घालण्यापूर्वी वेगळा काढावा. मेतकूट-भात चवीला छान असला तरी त्यात मीठ असते, म्हणून तो वर्षानंतर. बाळाने घरी कधी न चाखलेला पदार्थ प्रवासात पहिल्यांदा देऊ नये. मासळीही याला अपवाद नाही, कारण अंगावर पुरळ उठले तर ते कशामुळे हे तेथे कळत नाही. वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, तो कितीही शुद्ध आणि रानातला असला तरी. भाजलेले काजू, फणसाच्या आठळ्या, करवंदे, शेंगदाणे हे सारे बाळाच्या हाताबाहेर ठेवावे. प्रेमाने हातावर ठेवलेला अख्खा काजू घशात अडकू शकतो, आणि देणाऱ्या आजींना हे नम्रपणे सांगण्याचे काम आईवडिलांचेच आहे.

समुद्रावर

वाळू आणि पाणी दोन्ही ऊन परावर्तित करतात, म्हणून सकाळी नऊच्या आत आणि दुपारी साडेचारनंतरच बाहेर पडावे. सहा महिन्यांखालील बाळाला उन्हाचे मलम लावण्याऐवजी सावलीत ठेवावे आणि लांब बाह्यांचे सुती कपडे घालावेत. सुरूच्या बनात चटई अंथरणे चांगले. माडाखाली मात्र कधीही अंथरू नये, कारण झावळी आणि नारळ सूचना देऊन पडत नाहीत.

किनारा किती रुंद मिळेल हे तिथीवरून ओळखता येते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, असा हिशोब किनाऱ्यावर पूर्वापार चालत आला आहे. अष्टमीला पाऊणपट सहा येते, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती असते आणि आपल्या फिरण्याच्या वेळी वाळूची पट्टी अरुंद होते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास होऊन जाते, त्यामुळे संध्याकाळी ओहोटी असते आणि ओली, घट्ट, सपाट वाळू लांबवर उघडी पडते. बाळाला घेऊन चालायला ती उत्तम. मात्र तेच दिवस उधाणाचे असतात आणि भरतीचे पाणी वेगाने चढते, म्हणून स्थानिकांना वेळ विचारूनच पुढे जावे.

बाळाचे पाय ओल्या वाळूला टेकवावेत, एखादी उथळ लाट पायावरून जाऊ द्यावी, एवढेच पुरे. कडेवर बाळ घेऊन गुडघ्यापर्यंतच्या पाण्यातही जाऊ नये. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढते आणि तोल जातो. गणपतीपुळ्याचा समुद्र तर पोहणाऱ्या मोठ्यांसाठीही धोक्याचा आहे. हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे खडकातल्या अरुंद घळीत, भरतीचे पाणी उसळताना पाहणे सुंदर असते, पण तेथील ओल्या खडकांवर बाळासह उतरू नये. सिंधुदुर्ग किंवा जंजिरा किल्ल्याच्या होडीतही तान्हे बाळ नेऊ नये, असे मला वाटते, कारण एवढ्या लहान अंगाला बसेल असे जीवरक्षक जॅकेट सहसा नसते. दोन गट करून आळीपाळीने जावे. आजी-आजोबा सोबत असतील तर हे सहज जमते, परंतु बाळ कोणाकडे किती वेळ राहील हे सकाळीच ठरवावे, म्हणजे सासूबाई दिवसभर खोलीतच बसून राहिल्या असे होत नाही.

रात्र

पहिल्या संध्याकाळी कोठेही जाऊ नये. मालीश, आंघोळ, दूध आणि झोप या गोष्टी घरच्या क्रमाने व घरच्या वेळेला कराव्यात. बाळाला टणक, सपाट गादीवर पाठीवर झोपवावे, शेजारी मऊ उशा ठेवू नयेत, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचाव्यात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी हवीच. बंद खोलीत अगरबत्ती किंवा डासांची उदबत्ती जाळू नये.

मच्छरदाणी खोचण्याचे आणखी एक कारण विंचू हे आहे. कोकणातील तांबडा विंचू लहान मुलांसाठी जिवावर बेतणारा ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिले आणि त्यामुळे मृत्यू फार घटले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण वेळेवर पोहोचणे आपल्या हाती आहे. अंथरूण, दुपटी आणि दोरीवरून काढलेले कपडे झटकून घ्यावेत, लाकडांच्या व चिऱ्यांच्या ढिगाजवळ बाळाला खाली सोडू नये. बाळ एकाएकी किंचाळून रडू लागले, घामाने भिजले, उलट्या झाल्या किंवा हातपाय गार पडले तर उतारा-मंत्र यांत एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठावे.

आजारपण आले तर

जुलाब झाल्यास अंगावरचे दूध चालूच ठेवावे आणि क्षारसंजीवनी चमच्याचमच्याने द्यावी. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले आहे, एक लिटर किंवा २०० मिलिलिटर, तेवढ्यातच संपूर्ण पाकीट विरघळवावे. अंदाजाने चिमूटभर घालू नये. गोड पेये तिच्या जागी चालत नाहीत. टाळू खोल गेली, तोंड कोरडे पडले, रडताना अश्रू येईनात, सहा तास लघवी झाली नाही किंवा बाळ मलूल होऊन दूध ओढेनासे झाले, तर घरी वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मात्र खाडीकाठच्या आणि डोंगरउतारावरच्या वाड्यांत फोनची रेंज जाते, म्हणून कोणत्या ठिकाणी उभे राहिले की रेंज मिळते आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे पहिल्याच दिवशी यजमानांना विचारून घ्यावे.

परतताना दुपारची गाडी घ्यावी आणि घरी पोहोचल्यानंतरचा एक दिवस रजेचा ठेवावा, कारण बाळाचे झोपेचे गणित पुन्हा बसायला तेवढा वेळ लागतो. पुढील दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कोकणात कोठे व किती दिवस होतात, हे आपणहून सांगावे.